पिकावर सावली पडू नये म्हणून

मातीतली ओल मोजण्याची सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत खात्रीची मानली जाणारी पद्धत अगदी साधी आहे. शेतातून मातीचा नमुना काढायचा, तो झाकणाच्या अॅल्युमिनियमच्या डबीत भरून लगेच वजन करायचे, मग झाकण उघडून डबी १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवायची आणि गार झाल्यावर पुन्हा वजन करायचे. दोन वजनांतला फरक म्हणजे उडून गेलेले पाणी. पदव्युत्तर शिक्षणासाठी मृदाशास्त्र विभागात दाखल झाले, तेव्हा माझे पहिले वर्ष बहुतेक या डब्यांच्या संगतीत गेले. प्रत्येक डबीवर आणि तिच्या झाकणावर एकच क्रमांक ठोकलेला असे. सत्तेचाळीसच्या डबीवर चौऱ्याहत्तरचे झाकण बसले की त्या दिवसाचे निम्मे काम वाया जाई, कारण रिकाम्या डबीचे वजन झाकणासकट नोंदवलेले असे. ओव्हनचे दार उघडल्यावर येणारा भाजलेल्या मातीचा कोरडा, किंचित धुरकट वास अजूनही माझ्या नाकात आहे.

माझ्या संशोधनाचा विषय मात्र या डब्यांना निवृत्त करण्याचा होता. जमिनीत पुरलेल्या सेन्सरने दर पंधरा मिनिटांनी ओल मोजावी, ती ठरावीक पातळीच्या खाली गेली की ठिबकची झडप आपोआप उघडावी आणि पिकाला हवे तेव्हा, हवे तेवढेच पाणी मिळावे, अशी ती योजना होती. जगभरात माणूस नद्या, तलाव आणि भूजल यांतून जितके गोडे पाणी उपसतो त्यातले सुमारे ७० टक्के शेतीसाठी जाते, ही एकच गोष्ट लक्षात घेतली तरी अशा यंत्राची गरज पटते. मलाही ती मनापासून पटलेली होती आणि आजही पटते.

या सेन्सरचे तत्त्व सुंदर आहे. विद्युतक्षेत्राला प्रत्येक पदार्थ वेगवेगळा प्रतिसाद देतो आणि तो प्रतिसाद एका आकड्यात सांगता येतो. हवेसाठी हा आकडा १ असतो, कोरड्या मातीतल्या खनिजांसाठी साधारण ३ ते ५, आणि पाण्यासाठी जवळजवळ ८०. पाणी बाकीच्यांपेक्षा इतके वेगळे असल्यामुळे मातीतून विद्युतलहर किती वेगाने जाते हे मोजले की त्या मातीत पाणी किती आहे याचा अंदाज बांधता येतो. १९८० साली टॉप, डेव्हिस आणि अॅनन या तीन कॅनेडियन शास्त्रज्ञांनी हा संबंध एका समीकरणात मांडला आणि पुढच्या अनेक उपकरणांना पाया मिळाला. पण त्याच आकड्यांत एक धोकाही दडलेला आहे. सेन्सरचे दाते आणि माती यांच्यामध्ये हवेची बारीकशी फट राहिली, तर त्या १ च्या आकड्यामुळे उपकरणाला ओली मातीसुद्धा कोरडी वाटते.

पहिल्याच हंगामात मला याचा अनुभव आला. पीक गुडघ्याएवढे झाले होते. तीन नंबरच्या वाफ्यातला सेन्सर दोन दिवस सलग कोरड दाखवत होता आणि झडप रात्रंदिवस उघडत होती. मी संगणकावर आलेख पाहून समाधानी होते, कारण यंत्र नेमून दिलेले काम करत होते. प्रक्षेत्रावर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रयोगांच्या शेतावर, अनेक वर्षे काम केलेले एक ज्येष्ठ मदतनीस वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले, त्यांनी वीतभर खोलीवरून मूठभर माती काढली, मुठीत दाबली आणि उघडा तळहात माझ्यासमोर धरला. मातीचा गोळा चिकणमातीसारखा चकाकत होता आणि त्यावर त्यांच्या बोटांच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. "ताई, हिला पाणी नकोय. हिला अजून वाफसासुद्धा आलेला नाही," ते म्हणाले.

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, पण त्याचा पूर्ण अर्थ मला त्या तळहातावर कळला. मातीच्या मोठ्या पोकळ्यांतले पाणी निचरून गेले आहे, तिथे हवा आलेली आहे, बारीक पोकळ्यांत मुळांना पुरेल इतकी ओल आहे आणि मशागतीचे अवजार लावले तर माती चिकटत नाही की ढेकळेही निघत नाहीत, ही सगळी अवस्था मराठीने तीन अक्षरांत पकडली आहे. माझे यंत्र ज्या अवस्थेच्या मागे होते, तिला भाषेत आधीपासून नाव होते आणि ती ओळखणारा हातही माझ्या शेजारीच बसलेला होता.

आम्ही सेन्सरच्या बाजूने हलक्या हाताने माती उकरली. ती फुगणारी, आक्रसणारी भारी माती होती. वरचा थर वाळताना तिला भेग पडली होती आणि ती भेग बरोबर सेन्सरच्या दात्याला लागून खाली उतरली होती. नखाच्या जाडीएवढीच, पण तेवढी पुरेशी होती. डबीत भरून ओव्हनमध्ये ठेवलेल्या मातीने दुसऱ्या दिवशी सांगितलेला आकडा सेन्सरच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक होता. मी खजील होऊन मार्गदर्शक प्राध्यापिकांकडे गेले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "यंत्र चुकलेलं नाही. माती हलली. आणि ती पुढच्या हंगामातही हलेल, फक्त वेगळ्या जागी."

त्या वाक्यातला "पुढच्या हंगामात" हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. माझ्या प्रबंधाला दोन हंगाम मिळाले. त्यातला एक पावसाळी निघाला, एक कोरडा. पावसाळी हंगामात आमच्या पद्धतीने फारसे काहीच वाचवले नाही, कारण वाचवण्यासारखे सिंचनच झाले नव्हते. कोरड्या हंगामात तिने उत्तम काम केले. दोन्हींची सरासरी काढून मी निष्कर्ष लिहिला, तो मान्य झाला आणि मला पदवी मिळाली. पण त्या सरासरीचा हंगाम प्रत्यक्षात कधी येत नाही, ही टोचणी राहिली. माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात "शाश्वत" हा शब्द होता आणि त्याच्या पाठीशी दोन वर्षांची माहिती होती.

शाश्वत शेतीवर विद्यापीठांत होणाऱ्या संशोधनाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या विसंगतीतून आले आहे. टिकणे हा गुण काळाशिवाय तपासता येत नाही. एखादे बियाणे जास्त उत्पन्न देते का, हे काही हंगामांत कळते. एखादी पद्धत जमीन राखते का, पाणी राखते का, हे कळायला मातीच्या वेगाने चालावे लागते आणि मातीचा वेग माणसाच्या नोकरीपेक्षा, पदवीपेक्षा आणि प्रकल्पाच्या मुदतीपेक्षा फार संथ असतो. इतकी वाट पाहू शकतील अशा संस्था जगात मोजक्या आहेत. विद्यापीठ ही त्यांतली एक आहे आणि म्हणूनच तिच्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात, इमारतींच्या गर्दीत, मक्याचे काही वाफे आहेत. १८७६ साली सुरू झालेला हा मॉरो प्लॉट्सचा प्रयोग त्या देशातला सर्वांत जुना शेतीप्रयोग आहे. त्यातल्या एका वाफ्यात तेव्हापासून आजवर दरवर्षी फक्त मकाच घेतला जातो. इतर वाफ्यांत पिकांची फेरपालट होते. आवाराची वाढ झाली, वाफ्यांची संख्या कमी झाली, पण जे उरले ते जपले गेले. १९६० च्या दशकात त्यांच्या शेजारी नवे ग्रंथालय बांधायचे ठरले, तेव्हा मक्यावर इमारतीची सावली पडू नये म्हणून ते ग्रंथालय जमिनीखाली बांधण्यात आले आणि १९६९ साली उघडण्यात आले. मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली, तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. विद्यापीठाने पुस्तके जमिनीखाली नेली आणि ऊन पिकाला ठेवले. शंभर वर्षांच्या नोंदींत एका भिंतीच्या सावलीने खोट येईल, हे कोणालातरी बांधकामाच्या बैठकीत सांगावे लागले असेल आणि ते बाकीच्यांना पटले असेल. मला त्या बैठकीबद्दल अतिशय आदर वाटतो.

याहून जुना प्रयोग इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे आहे. ते विद्यापीठ नव्हे, संशोधन केंद्र आहे, पण जगभरातल्या विद्यापीठांना प्रयोग कसा करावा हे तिथूनच शिकायला मिळाले. जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ च्या शरद ऋतूत ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गहू पेरला. एका पट्ट्यात काहीच खत नाही, एकात शेणखत, बाकीच्यांत वेगवेगळी खनिज खते. तो गहू आजही पेरला जातो. नोंदींचा ढीग इतका वाढला की त्यांचा अर्थ लावण्यासाठी १९१९ साली रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला बोलावण्यात आले. वाफ्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने करावी, प्रत्येक उपचाराच्या, म्हणजे तपासायच्या खताच्या किंवा पद्धतीच्या, पुनरावृत्ती असाव्यात आणि जमिनीतल्या मूळच्या फरकाचा हिशेब वेगळा काढावा, ही शिस्त त्याने तिथे घडवली. आज औषधांच्या चाचण्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे वापरले जाणारे हे शास्त्र शेताच्या बांधावर जन्मले. माझ्या प्रक्षेत्रावरचा तीन नंबरचा वाफा तीन नंबरच्याच जागी का होता, याचे उत्तर फिशरकडे जाते.

ब्रॉडबाल्कमधून निघालेल्या ज्ञानात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या वनस्पती आणि शेणखतातून मातीत राहणाऱ्या कार्बनची. शेणखताच्या पट्ट्यातला कर्ब खत नसलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला, पण तो एका झटक्यात वाढला नाही. सुरुवातीला वेगाने, मग हळू, मग अगदी संथ, असा तो शतकभर चढत राहिला. जमिनीत कर्ब साठवण्याच्या ज्या योजना आज मांडल्या जातात त्यांतल्या अनेकांत पहिल्या काही वर्षांचा वेग पुढेही तसाच राहील असे गृहीत धरलेले असते. तो तसा राहत नाही, हे सांगणारा पुरावा दीडशेहून अधिक वर्षांच्या नोंदींमुळे हाती आहे. याच माहितीच्या आधारे उभे राहिलेले, मातीतला कर्ब कसा बदलेल याचा अंदाज देणारे रोथ-सी हे गणिती मॉडेल आता जगभर वापरले जाते.

लॉज आणि गिल्बर्ट यांनी आणखी एक काम केले, ज्याचे तेव्हा कोणालाही विशेष वाटले नसेल. त्यांनी मातीचे, धान्याचे आणि काडाचे नमुने बाटल्यांत आणि डब्यांत बंद करून ठेवले. आज तिथे असे सुमारे तीन लाख नमुने आहेत. २००५ साली रोथॅमस्टेड आणि रेडिंग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी या जुन्या गव्हाच्या काडातून आणि धान्यातून बुरशीचा डीएनए काढला. गव्हाच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या दोन बुरशींचे परस्परप्रमाण १८४४ पासून कसे बदलत गेले ते त्यांनी तपासले आणि ते हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या चढउताराशी जुळते असे दिसून आले. कारखान्यांचा धूर वाढला तेव्हा एक बुरशी वरचढ झाली, धूर कमी झाला तेव्हा दुसरी. ज्यांनी ती बाटली बंद केली त्यांना डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी एवढेच केले की नमुना कोरडा ठेवला आणि त्यावर तारीख घातली.

असा दूरचा विचार करून सुरू केलेले प्रयोग आजही होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने १९९३ मध्ये रसेल रँच येथे एक प्रयोग सुरू केला आणि त्याची मुदतच शंभर वर्षांची ठरवली. २०१९ साली त्याच्या पहिल्या एकोणीस वर्षांचे मातीतल्या कर्बाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते मी अनेकदा वाचले आहेत, कारण ते माझ्यासारख्या मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या सवयीवरच बोट ठेवतात. आम्ही मातीचे नमुने बहुधा वरच्या १५ किंवा ३० सेंटिमीटरपर्यंतच घेतो. त्याखाली गिरमिट, म्हणजे नमुना काढायचे हातअवजार, नेणे कष्टाचे असते. भारी जमिनीत तर मीटरभर खोल जाताना दोघांचे खांदे भरून येतात. डेव्हिसच्या संशोधकांनी दोन मीटरपर्यंतचे नमुने तपासले. मुख्य पिकांच्या मधल्या हिवाळी काळात जमीन झाकून ठेवणारी आच्छादन पिके घेतलेल्या, पण रासायनिक खतांवरच चालणाऱ्या वाफ्यांत वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये कर्ब वाढलेला होता. तिथेच थांबले असते तर पद्धत यशस्वी म्हणून नोंदली गेली असती. पण त्याखालच्या थरांत कर्ब इतका घटला होता की एकूण हिशेब तोट्यात गेला. आच्छादन पिकांसोबत कंपोस्टही दिलेल्या सेंद्रिय वाफ्यांत मात्र दोन मीटरपर्यंतचा एकूण कर्ब १२.६ टक्क्यांनी वाढला होता.

या निष्कर्षातून आच्छादन पिके वाईट ठरत नाहीत. एका विशिष्ट हवामानात, विशिष्ट मातीत, अमुक खतव्यवस्थापनाखाली एकोणीस वर्षांनी असे झाले, एवढेच त्यातून ठरते. शेतीसंशोधनातला प्रत्येक निष्कर्ष असा अटींसकट वाचावा लागतो आणि त्या अटी गाळल्या की शास्त्राची जाहिरात होते. विनानांगरणी शेतीचेही असेच झाले आहे. नांगरणी टाळली की धूप कमी होते, इंधन वाचते, मातीची घडण टिकते, यात शंका नाही. उत्पन्नाचे काय होते हे पाहण्यासाठी २०१५ साली डेव्हिसमधल्याच संशोधकांच्या पुढाकाराने ६३ देशांतल्या ६१० अभ्यासांतून ४८ पिकांच्या, नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या शेतांतल्या उत्पन्नाच्या ५,४६३ जोड्या तपासण्यात आल्या. एकूणात विनानांगरणीने उत्पन्न घटते असे निघाले. पण पिकांचे अवशेष शेतात राखले आणि फेरपालट केली तर ही घट पुष्कळ कमी होते. कोरडवाहू, कोरड्या हवामानात तर उत्पन्न वाढूही शकते. नांगर सोडा असे सांगणारा सल्ला आणि नांगर सोडताना या दोन गोष्टी धरा असे सांगणारा सल्ला, यांत एका कुटुंबाच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा फरक आहे.

मी सुरुवातीला ज्या पाण्याच्या बचतीबद्दल लिहिले तिचाही हिशेब मला नंतरच्या काळात नव्याने मांडावा लागला आणि तो मला सर्वांत जड गेला. ठिबकने किंवा सेन्सरने शेताच्या पातळीवर पाणी वाचते, हे खरे आहे. पण पाट भरून दिलेल्या पाण्यातले जे पाणी "वाया" जाते असे आपण म्हणतो, त्यातले बरेचसे खाली झिरपून भूजलाला मिळते किंवा ओढ्यातून खालच्या शेतकऱ्याकडे पोहोचते. आपण ते झिरपणे थांबवले आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवले किंवा जास्त पाणी पिणारे पीक घेतले, तर शेत कार्यक्षम होते आणि खोऱ्यातले पाणी उलट कमी होते. २०१८ साली "सायन्स" या नियतकालिकात अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून सिंचन कार्यक्षमतेचा हा विरोधाभास स्पष्टपणे मांडला: पाण्याच्या वापरावर मर्यादा नसेल आणि खोऱ्याचा जमाखर्च मोजला जात नसेल, तर कार्यक्षम सिंचनाने पाण्याचा एकूण खप घटेलच असे नाही, बहुधा तो वाढतो. माझ्या प्रबंधात मी वाफ्याच्या कडेपर्यंतच मोजले होते. कडेपलीकडे गेलेले पाणी मी "निचरा" या रकान्यात घालून विसरले होते.

याचा अर्थ सेन्सर निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. जिथे पाणी खोलवर जाऊन खारे होते, नत्र धुऊन नेते किंवा उपसण्यासाठी भरमसाट वीज लागते, तिथे कमी पाणी देणे हा निखळ फायदा आहे. नत्राच्या बाबतीत तर नेमकेपणा फारच मोलाचा आहे, कारण जास्तीचे नत्र पाण्यात जाते आणि त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, ज्याची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे. पण यंत्र कोणत्या सीमेपर्यंतचा हिशेब मांडते हे विचारणे विद्यापीठाचे काम आहे. विकणाऱ्याकडून ती अपेक्षा करता येत नाही.

यंत्रमानवांविषयीही मला असेच काहीसे वाटते. २०१६-१७ मध्ये इंग्लंडच्या हार्पर अॅडम्स विद्यापीठात एका हेक्टरमध्ये, माणसाने शेतात पाऊल न ठेवता, स्वयंचलित यंत्रांनी बार्ली पेरून कापली. बातम्यांत चालकाविना फिरणाऱ्या ट्रॅक्टरचे कौतुक झाले. माझ्या दृष्टीने त्यातली खरी आशा वजनात आहे. भरलेल्या कापणीयंत्राचे वजन १९५८ साली सुमारे ४,००० किलो असे, ते २०२० पर्यंत सुमारे ३६,००० किलोवर गेले, असे स्वीडन आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले आहे. रुंद टायरमुळे वरचा थर फारसा दाबला जात नाही, पण भार खाली पोहोचतो आणि नांगराच्या फाळाखालची माती घट्ट होते. ती पुन्हा मोकळी व्हायला दशके लागू शकतात. चालक बसवायचा नसेल तर एका अवजड यंत्राऐवजी अनेक हलकी यंत्रे वापरता येतात, आणि मुळांना खाली जायला वाट राहते. त्या खालच्या थराचे काय झाले हे मात्र कोणीतरी वीस वर्षांनी खणून पाहिले पाहिजे.

सगळे उत्तर यंत्रात नसते, याचे एक उदाहरण मला फार प्रिय आहे. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मार्सडेन प्रक्षेत्रावर २००२ च्या सुमारास तीन पद्धती शेजारी शेजारी सुरू झाल्या: मका-सोयाबीनची नेहमीची दोन वर्षांची फेरपालट, त्यात तृणधान्य आणि क्लोव्हर हे चाऱ्याचे द्विदल पीक घालून केलेली तीन वर्षांची, आणि त्यात लसूणघासही घालून केलेली चार वर्षांची. लांब फेरपालटीच्या वाफ्यांना शेणखत दिले गेले आणि रासायनिक नत्र व तणनाशक अगदी गरजेपुरते वापरले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या वाफ्यांतले उत्पन्न नेहमीच्या पद्धतीइतके किंवा त्याहून जास्त होते, नफा सारखाच होता, तणे आटोक्यात होती, आणि तणनाशकांमुळे गोड्या पाण्याला होणारी विषबाधा शंभर पटींच्या आसपास कमी होती. मजुरी जास्त लागली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. यात विकण्यासारखे कोणतेही नवे उपकरण नाही. आणि जर हा प्रयोग तिसऱ्या वर्षी थांबवला असता, तर चार वर्षांच्या फेरपालटीचे एक आवर्तनही पुरे झाले नसते.

तिसरे वर्ष मी मुद्दाम म्हणते, कारण संशोधनाचा निधी बहुधा तीन वर्षांचाच असतो. वार्षिक पिकात तीन वर्षे म्हणजे तीन पेरण्या. पहिली पेरणी मनुष्यबळ आणि साहित्य जमवण्यात उशिरा होते, तिसरीच्या कापणीआधी अहवाल द्यायचा असतो. दीर्घ प्रयोगाला नवे काय, असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो. मी स्वतः एका अशा बैठकीत बसले आहे, जिथे वीस वर्षे चाललेल्या खतप्रयोगाचे वाफे इमारतीच्या वाहनतळासाठी देण्याचा विषय दहा मिनिटांत संपला. त्या वाफ्यांतून गेल्या पाच वर्षांत एकही शोधनिबंध आलेला नाही, असे कारण दिले गेले. ते खरेही होते. मी तेव्हा कनिष्ठ होते आणि गप्प राहिले. आज तिथे गाड्या उभ्या असतात. मी कधी तिथून गेले तर वाफा क्रमांक एक कुठे सुरू होत होता हे पायांना अजून आठवते.

त्या वाफ्यांचे नमुने मात्र वाचले. वाहनतळाचे काम सुरू होण्याआधीच्या आठवड्यात मी, दोन विद्यार्थी आणि तेच ज्येष्ठ मदतनीस असे चौघे गिरमिट घेऊन गेलो. प्रत्येक वाफ्यातून एक मीटरपर्यंतचे नमुने पाच थरांत काढले. शेवटच्या थराला गिरमिट फिरेना, तेव्हा मदतनीस दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळले. माती सावलीत वाळवली, लाकडी दंडाने कुटली, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढली आणि घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरली. लेबल बाहेर लावले तर कधीतरी सुटून पडते, म्हणून एक चिठ्ठी बरणीच्या आतही टाकतात. ती शिसपेन्सिलीने लिहायची असते. शाई ओलीने पसरते आणि वर्षांनी फिकी पडते, पेन्सिलीचे शिसे तसेच राहते.

विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारले की यातून आपण नेमके काय मोजणार आहोत. मी त्याला सांगितले की आपण मोजणार नाही, आपण फक्त भरतो आहोत. तो थोडा गोंधळला, मग खाली वाकून पुढच्या चिठ्ठीवर वाफ्याचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहू लागला. वर्ष लिहिताना त्याने नेहमीसारखे शेवटचे दोनच आकडे लिहिले होते. मी ती चिठ्ठी परत घेतली आणि त्याला चारही आकडे लिहायला सांगितले.